एअर पिस्तुलाच्या सिलेंडरमध्ये तेल टाकू नका! त्या फिरणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

शनिवारी रात्री भाचीचा फोन आला. "मावशी, सिलेंडर भरायच्या आधी त्याच्या तोंडात दोन थेंब तेल टाकायचं असतं का गं? पप्पा म्हणतायत टाक." मी आधी विचारलं, टाकलंस का? नाही म्हणाली. मग विचारलं, कुणी सांगितलं हे? तर भाऊजींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मेसेज. शूटिंग करणाऱ्या मुलांच्या पालकांच्या तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून त्यांना तोच आलेला, म्हणजे खरा असणारच असं त्यांना वाटलं.

मेसेज थोडक्यात असा आहे. महागडं गन ऑइल म्हणजे निव्वळ लूट, सगळी तेलं सारखीच. डब्ल्यूडी-४० चा एक डबा घ्या, साफसफाई आणि ऑइलिंग दोन्ही होतं. त्याहून उत्तम आपलं खोबरेल तेल, जर्मन लोकसुद्धा वनस्पतीचंच तेल वापरतात. तेल जितकं जास्त तितकं पिस्तूल कमी अडकतं. एअर पिस्तुलात बॅरलमध्ये आणि सिलेंडरच्या तोंडात दोन दोन थेंब टाका, प्रेशर वाढतं, पेलेट (छर्रा) जोरात जातो. आणि शेवटी, टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल बंद पडलं ते वेळच्या वेळी तेल न दिल्यामुळे.

मी बारा वर्षं पिस्तूल खेळले, आधी १० मीटर, मग २५ मीटर, आणि आता क्लबच्या .२२ पिस्तुलांची (२५ मीटरची, हवेवर नाही तर गोळीवर चालणारी) साफसफाई माझ्याकडे असते. म्हणून जे हाताखालून गेलंय तेच लिहितेय. क्रम मेसेजचा ठेवत नाही, कारण त्यातला एक मुद्दा पोराच्या हाताशी आणि डोळ्याशी खेळ आहे, तो आधी.

सिलेंडरच्या तोंडात तेल. हे करू नका. कधीच नाही, एक थेंबसुद्धा नाही.

आजचं मॅचचं एअर पिस्तूल म्हणजे आपल्या लहानपणीची जत्रेतली छर्‍याची बंदूक नाही. त्याच्या सिलेंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा भरलेली असते. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज करा. सायकलमध्ये पंपाने हवा भरताना पंपाचं खालचं टोक चटका बसेल इतकं गरम होतं हे सगळ्यांनी अनुभवलंय. हवा दाबली की तापते. आता तीच गोष्ट २०० बारला काय होईल? स्कूबाचा (पाणबुडे वापरतात तो) मोठा सिलेंडर जोडून व्हॉल्व झटक्यात उघडला की अ‍ॅडॉप्टरमध्ये अडकलेली थोडीशी हवा एका क्षणात दाबली जाते, आणि उष्णता बाहेर जायला वेळच मिळाला नाही असं धरून फिजिक्सच्या पुस्तकातलं गणित मांडलं तर आकडा हजार डिग्री सेल्सिअसच्या वर जातो. प्रत्यक्षात तेवढं होत नाही, धातू बरीच उष्णता ओढून घेतो, पण खनिज तेल आपोआप पेट घ्यायला अडीचशे-तीनशे डिग्री पुरतात. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो, फक्त दाबाने तापलेल्या हवेत डिझेल जातं आणि पेटतं. तुम्ही सिलेंडरच्या तोंडात तेल टाकता तेव्हा नेमकं तेच जमवून ठेवता, फरक इतकाच की इंजिन त्यासाठी बनवलेलं असतं आणि तुमच्या मुलीच्या हातातला सिलेंडर नाही. म्हणूनच सिलेंडर हळूहळू भरायचा असतो, तोंड स्वच्छ आणि कोरडं ठेवायचं असतं, आणि ऑक्सिजनच्या सिलेंडरवरून तर भरायचाच नसतो. वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजन असतो तो चालेल का असं एका पालकांनी मला खरोखर विचारलंय. नाही चालणार. शुद्ध ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की पेटायला निमित्तच लागत नाही.

मग हे तेलाचं खूळ आलं कुठून? यात अर्धं सत्य आहे ते मान्य करते. जुन्या स्प्रिंगच्या छर्‍याच्या बंदुकीत पिस्टनला चामड्याचं वॉशर असायचं, ते सुकलं की हवा गळायची, म्हणून त्याला तेलाचे थेंब द्यावे लागायचे. आणि जास्त तेल झालं की त्यातलं थोडं आतल्या आत पेटायचं, धूर निघायचा, आवाज मोठा यायचा आणि छर्रा खरंच जोरात जायचा. म्हणजे "जोरात जातो" हे कुणीतरी कधीतरी पाहिलेलं आहे. पण ती वेगळी बंदूक. आणि समजा वेग वाढला, तरी तो तुम्हाला हवाय कशाला? १० मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं आहे. तिथे साठ शॉट्स सारख्याच वेगाने जाणं महत्त्वाचं, एक जोरात आणि एक हळू गेला की सगळी मेहनत पाण्यात. बॅरलमध्ये टाकलेल्या तेलाने हेच होतं, पहिले काही पेलेट तेलातून घसरत जातात, मग हळूहळू बॅरल कोरडं होतं आणि टार्गेटवरचा छर्‍यांचा पुंजका (ग्रुप) सरकत राहतो, पोरगी बिचारी नेम धरायची साइट फिरवत बसते.

एअर पिस्तुलात वंगण लागतच नाही का, तर लागतं, अगदी थोडं, आणि ते मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या जागीच. रबराच्या ओ-रिंगला (हवा गळू न देणाऱ्या गोल सीलला) कंपनीने सांगितलेलं ग्रीस, बहुतेक वेळा सिलिकॉनचं, बोटाला जेमतेम चमक येईल इतकं. पेट्रोलियमचे स्प्रे आणि सॉल्व्हंट काही रबरांना फुगवतात, मग सील गळायला लागतं. आणि तेच सिलिकॉन ग्रीस .२२ च्या स्टीलच्या स्लाइडला (प्रत्येक शॉटला मागे-पुढे सरकणाऱ्या भागाला) लावू नका, स्टीलवर स्टील घासतं तिथे ते कामाचं नाही. म्हणजे "सगळी तेलं सारखीच" हा मुद्दा इथेच संपला. सिलेंडरचा विषय निघालाच आहे तर त्यावरची तारीखही बघा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात स्पष्ट आहे की सिलेंडर मुदतीत असणं ही खेळाडूची जबाबदारी आणि मुदत जास्तीत जास्त १० वर्षं. सेकंडहँड पिस्तूल घेतलेल्या घरांमध्ये ही तारीख कुणी बघितलेलीच नसते, आणि त्याच घरात तेल कुठलं यावर तासभर चर्चा चालते.

आता डब्ल्यूडी-४०. याबद्दल मी काही म्हणण्यापेक्षा कंपनी काय म्हणते ते बघा. नावातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणारं, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने ते बनवलं आणि अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते वापरलं गेलं. त्याची सेफ्टी डेटा शीट नेटवर फुकट मिळते, ती काढून वाचा, डब्यातला मोठा भाग हलकं पेट्रोलियम सॉल्व्हंट आहे, उडून जाणारं, वंगणाचं तेल त्यात कमी. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे हीच कंपनी स्पेशालिस्ट नावाने सिलिकॉन, लिथियम ग्रीस असली वंगणं वेगळी विकते. एकाच डब्यात सगळं होत असतं तर कशाला विकली असती?

याचा त्रास .२२ मध्ये असा होतो. स्प्रे मारला की आधीचं चांगलं तेल-ग्रीस सॉल्व्हंटने धुऊन निघतं, दोन मिनिटं सगळं गुळगुळीत लागतं, घरी स्लाइड ओढून बघणारा खूश. मग सॉल्व्हंट उडतं, मागे अगदी पातळ थर राहतो, आणि पन्नास-साठ राउंडनंतर स्लाइड जड वाटायला लागते म्हणून परत स्प्रे. आणि स्प्रे हवा तिथेच थोडा जातो! ट्रिगरच्या खाचांत जातो, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर त्यातही जातो. तिथे धूळ आणि जळलेली पावडर चिकटून कधी ट्रिगर ओढताना अडकल्यासारखा लागतो, कधी तो ओढायला लागणारं वजन बदलतं. २५ मीटरला ट्रिगर किमान १००० ग्रॅम आणि एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम लागतो, इक्विपमेंट कंट्रोलला (मॅचच्या सामान तपासणीत) ट्रिगरने तेवढं वजन उचललं नाही तर तिथे मेसेज पाठवणारे काका येणार नाहीत. हां, पावसाळ्यात आपल्याकडे रेंजवरून येताना पिस्तूल भिजलं, किंवा घामाचा हात लागून स्टीलवर डाग दिसायला लागले, तर वरून पाणी हटवायला ते चांगलं आहे. मग पुसून काढायचं आणि खरं तेल लावायचं. एवढंच.

खोबरेल तेल. डिसेंबरात सकाळी डोक्याला लावायला बाटली घेतली तर काय करता? उन्हात ठेवता नाहीतर गरम पाण्यात धरता, बरोबर? खोबरेल साधारण २४ डिग्रीच्या खाली थिजतं. आता हिवाळ्यात दिल्लीला कर्णीसिंग रेंजवर सकाळच्या डिटेलला (बॅचला) तुमची मुलगी उभी आहे आणि स्लाइडच्या खाचेत थिजलेलं खोबरेल आहे असा विचार करा. जवसाच्या तेलासारखं ते लवकर सुकून कडक होत नाही हे खरं, हा मुद्दा मला एका आजोबांनी ऐकवला आणि तो बरोबर आहे. पण थिजतं, खवट होतं, खवट झालं की त्यात आम्ल तयार होतं आणि स्टीलला तेच नको असतं. जर्मन लोकांचं म्हणाल तर ते बहुधा बॅलिस्टॉलबद्दल ऐकून आलेलं असावं, १९०४ पासूनचं जर्मन तेल, आपल्याकडेही शूटर वापरतात. त्याचा आधार औषधी दर्जाचं पांढरं खनिज तेल आहे. नारळ नाही, सरकी नाही, शेंगदाणा नाही.

शिलाई मशीनचं तेल चालतं का असं आता कुणीतरी विचारणारच. नाइलाजाने सांगते, चालतं. हलकं खनिज तेल आहे, आमच्या जुन्या सरांनी वर्षानुवर्षं तेच वापरलं आणि मेडलंही आणली. फक्त ते फार पातळ, लवकर ओघळून जातं, आणि गंजापासून फारसं वाचवत नाही, म्हणून परत परत द्यावं लागतं. म्हणजे महागडी बाटलीच घ्या असं माझंही म्हणणं नाही, चांगल्या गन ऑइलची छोटी बाटली नीट वापरली तर वर्षभर सहज जाते.

नीट वापरली तर, कारण लोक ओततात. जास्त तेल म्हणजे कमी जॅम हे .२२ च्या बाबतीत तर अगदी उलटं आहे. .२२ ची गोळी शिशाची आणि तिला बाहेरून मेणाचा, ग्रीसचा थर असतो, प्रत्येक शॉटला मेण, शिसं आणि न जळलेली पावडर मागे ब्रीचवर (बॅरलच्या मागच्या तोंडाशी) उडते. तिथे तेल थबथबलेलं असलं की सगळ्याचा काळा चिखल होतो आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (केस ओढून काढणाऱ्या भागाच्या) नखाखाली जाऊन बसतो. मग केस (गोळीची रिकामी पुंगळी) बाहेर पडत नाही आणि आपण म्हणतो तेल कमी पडलं. २५ मीटरच्या रॅपिडमध्ये (झटपट फेरीत) टार्गेट ३ सेकंद दिसतं, ७ सेकंद जातं, असे पाच शॉट, तिथे स्लाइड एकदा अर्ध्यात थांबली की मुलीची लय गेली, आणि मॅल्फंक्शनचा (पिस्तूल बिघडल्याचा) क्लेम काही हवा तितक्या वेळा मिळत नाही. चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, कोरडं पाहिजे. हे पिस्तूल ब्लोबॅकवर चालतं, म्हणजे शॉटच्या धक्क्याने केसच स्लाइडला मागे ढकलते, केसची चेंबरच्या भिंतीवरची पकडही थोडं काम करत असते, तिथे तेल गेलं की स्लाइडला मागे बसणारा धक्का वाढतो. मॅगझिन आतून कोरडं. बॅरलला पावसाळ्यात ठेवताना पातळ हात चालेल, पण फायर करायच्या आधी कोरडा पॅच (कापडाचा तुकडा) फिरवलाच पाहिजे.

मी काय करते सांगते. मॅगझिन काढून, चेंबर रिकामं आहे हे डोळ्याने आणि बोटाने बघून, सगळं ब्रशने आणि फडक्याने कोरडं साफ करायचं, मग सुई काढलेल्या सिरिंजने स्लाइड जिथे फ्रेमवर घासून चकाकते तिथे एकेक थेंब, बोटाने पसरवायचा, चार वेळा स्लाइड ओढायची, बाहेर आलेलं पुसायचं. ट्रिगरच्या आत मी काहीच घालत नाही, ते काम आर्मररचं, म्हणजे पिस्तूल दुरुस्त करणाऱ्याचं. आणि हात साबणाने धुवायचे, तो काळा चिखल शिशाचा आहे, त्याच हाताने डबा उघडून जेवणारी मुलं मी रोज बघते.

राहिला टोकियोचा मुद्दा, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग आला. २५ जुलै २०२१ ला १० मीटर एअर पिस्तुलाच्या क्वालिफिकेशनमध्येच मनूचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, तरी तिने ५७५ मारले, १२वी आली आणि फायनल दोन पॉइंटने हुकली. तेव्हाच्या बातम्यांत लिव्हर आणि इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या बिघाडाचं आलं होतं. तेलाचा संबंध या मेसेजवाल्याने स्वतः जोडला. एकोणीस वर्षांच्या मुलीवर जे गुदरलं ते घेऊन त्यावर स्वतःचं खोबरेल विकायचं, हे मला सहन होत नाही.

भाऊजी, हे तुमच्यासाठी वेगळं लिहिते कारण ग्रुपवर तुम्ही बघालच. आणलेला स्प्रे सायकलच्या चेनवर मारा. पिस्तुलाच्या बॅरलमध्ये काही गेलं असेल तर ते मी फेल्टच्या क्लिनिंग पेलेटने काढेन. पण सिलेंडरच्या तोंडाला तेलाचा हात लागला असेल अशी जराशीही शंका असेल तर तो भरू नका, स्कूबाला जोडूच नका, सर्व्हिसिंगला पाठवू. सराव चार दिवस कोरड्या ट्रिगरचा (पेलेट न मारता) केला तरी चालतो. मी रविवारी सकाळी येते.