सुधाकरचा दोष दारू नाही

मुंबईतल्या कुठल्याही कॉलेजच्या मराठीच्या पेपरात ‘एकच प्याला’ नाटकाच्या नायकाच्या, सुधाकरच्या दोषावर प्रश्न आला की उत्तर ठरलेलं: व्यसन. माझ्या मते इथेच मार्क जातात. व्यसन हा परिणाम आहे. सुधाकर वकील; कोर्टातला अपमान त्याच्या जिव्हारी लागतो, आणि त्या जखमेवर तळीराम पेला पुढे करतो. ज्याला मानाची एवढी चाड नाही, त्याच्यापुढे हाच पेला आला असता तर गडकऱ्यांचं नाटक पहिल्याच अंकात आटोपलं असतं.

शोकांतिकेच्या नायकाला पाडणाऱ्या अशा दोषासाठी अ‍ॅरिस्टॉटलचा शब्द ‘हमार्शिया’. त्याचं मूळ ‘नेम चुकणे’ या क्रियापदात आहे. ‘काव्यशास्त्रा’च्या 13व्या प्रकरणात तो स्पष्टच सांगतो की नायक दुष्टपणामुळे नव्हे, अशा चुकीमुळे पडतो. गाइडांमध्ये मात्र त्याचा ‘दुर्गुण’ होतो आणि शेक्सपिअरच्या ऑथेल्लोपुढे ‘मत्सर’ लिहून मंडळी मोकळी होतात.

दोष शोधायचा तर ज्या प्रवेशानंतर परतीची वाट उरत नाही, तो आधी गाठा. ऑथेल्लोत तो तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश. सुरुवातीला त्याच्या मनात बायकोबद्दल संशयाचा लवलेश नसतो. मधे तो कान भरणाऱ्या इयागोचा गळा धरून डोळ्यांनी दिसेल असा पुरावा मागतो. मिळतं काय? त्याच्या हाताखालचा अधिकारी कॅसिओ बायकोच्या रुमालाने दाढी पुसत होता, ही ऐकीव गोष्ट. रुमाल इयागोकडेच आहे! तरी प्रवेश संपताना कॅसिओला तीन दिवसांत संपवायचा हुकूम सुटलेला असतो. आता पहिल्या अंकात जा. रस्त्यात तलवारी उपसल्या जातात, तेव्हा हाच माणूस एका वाक्यात सगळ्यांना थोपवतो. झटपट निर्णय हा त्याचा सेनापतीचा गुण. रणांगणावर तो तारतो, घरात घात करतो. देवलांनी 1890 मध्ये त्याचा ‘झुंझारराव’ केला. ते नावच या स्वभावाचं आहे.

‘नटसम्राट’मधले अप्पा बेलवलकर तसेच. त्यांचा दोष औदार्य. ताट देताना बसायचा पाटही देऊन टाकला. रंगमंचावर आयुष्यभर हातचं न राखता दिलं, टाळ्या घेतल्या. मुलांच्या संसारात तोच हिशेब लावला.

मॅकबेथ मात्र या चौकटीत बसवताना नाकी नऊ येतात. राजा डंकनला मारण्याआधी, का मारू नये याची सगळी कारणं तो स्वतःच मोजतो: आपण त्याचे नातेवाईक, त्याची प्रजा, वर यजमान. त्याचा नेम चुकत नाही, मारायचं त्यालाच मारतो.