अमेरिकेचं ठीक, इंदुरात रेरा बघा

अमेरिकेतल्या होम वॉरंटीवरचा एक लेख वाचला, त्यात बरं समजावलंय, वर्षाचे पैसे भरा, एसी नाहीतर प्लंबिंग बिघडलं की कंपनी माणूस पाठवते, व्हिजिट फी वेगळी आणि बिघाड आधीचा निघाला तर हात वर. पण आपल्या इंदुरात फ्लॅट घेणाऱ्यांनी त्याच्या मागे लागू नये, इथे कामाचा आहे २०१६ चा रेरा, म्हणजे बिल्डरांवर लगाम ठेवणारा घरखरेदीचा कायदा, त्यातलं कलम १४(३). ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत स्ट्रक्चरमधे दोष निघाला किंवा कामच निकृष्ट असलं तर कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचं, नाही दिलं तर भरपाई. आमच्या वहिनीकडे बायपासजवळ दुसऱ्याच पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला सीलन आली तर साइट ऑफिसवाला म्हणतो, मॅडम मेंटेनन्स एकच वर्षाचं होतं. अरे, मेंटेनन्सचा काय संबंध! अशा वेळी फोनवर भांडत बसू नका, फोटो जोडून ईमेल करा, रजिस्टर्ड पोस्टानेही पाठवा म्हणजे तारीख पक्की राहते, तरी हलला नाही तर भोपाळच्या रेरा प्राधिकरणाकडे तक्रार. रीसेलवाल्यांनी जुन्या मालकाकडून पझेशन लेटर जरूर मागून घ्या, म्हणजे ताब्याची तारीख हाताशी राहते. गीझर-चिमणीची वॉरंटी मात्र त्या त्या कंपनीची, ती कार्डं किल्ली घेतानाच मागा, नंतर कोणी विचारत नाही.