भौतिक अवस्था कायम असताना

मे महिन्यात आलेलं विजेचं बिल मी आधी उलटं करून पाहिलं, मग सुलटं. आकडा तोच राहिला. एरवी दीडशे युनिटांच्या आसपास रेंगाळणारं आमचं सांगलीचं घर एकदम साडेतीनशेवर गेलं होतं. म्हणजे घरात दोनशे युनिटं खाणारा चोर होता, आणि त्याला पकडायची विद्या मी शाळेत शिकलो होतो.

ओहमचा नियम मला अजून पाठ आहे. विद्युतधारा विभवांतराशी, म्हणजे व्होल्टेजशी, समानुपाती असते. वाक्याच्या सुरुवातीला ‘वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना’ असं काहीतरी लचांड असायचं. ते गाळलं म्हणून सरांनी माझा अर्धा मार्क कापला होता. अर्ध्या मार्कानं काय बिघडतंय, असं म्हणून मी पुढची तीसेक वर्षं सुखात काढली.

एक स्वस्तातला मल्टिमीटर आणला. बेत सरळ होता. वस्तूचा प्लग काढायचा, पिनांना मीटरच्या दोन काड्या टेकवायच्या, रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाचायचा. व्होल्टेज २३०, त्याचा वर्ग ५२,९००. त्याला रोधानं भागलं की वॅट.

पहिला संशयित गिझर, कारण आईला बारा महिने कढत पाणी लागतं. मीटरनं २६.५ ओहम दाखवले. भागाकार केला, १,९९६ वॅट. गिझरवरची पट्टी वाचली, तर २,०००! अंगावर काटा आला. इस्त्रीचे ५३ ओहम, म्हणजे ९९८ वॅट. तिच्यावर छापलेलं १,०००. दोन भागाकार जुळले की माणसाचा शास्त्रज्ञ होतो. मी चष्मा कपाळावर चढवला आणि ओटीवर गेलो.

ओटीवर आईचा दिवा आहे. १०० वॅटचा, तारेचा, पिवळा. एलईडीला ती ‘दवाखान्यातला उजेड’ म्हणते, म्हणून असे सात-आठ बल्ब तिनं ट्रंकेत साड्यांच्या घडीत जपून ठेवलेत. दिवा तिन्हीसांजेला लागतो तो अंथरुणं पडेपर्यंत, म्हणजे रोज पाच तास. बटण बंद करून मी बल्ब काढला, काड्या टेकवल्या. ४० ओहम. भागाकार: १,३२२ वॅट.

पाच तास गुणिले तीस दिवस, १९८ युनिटं. चोर सापडला! बल्बवर १०० छापलंय? छापणारे काय, काहीही छापतात. (गिझरवरचं छापील मला तासाभरापूर्वीच पटलं होतं, ते सोडा.) हा दिवा वर्षभर जळतो, मग बिल आत्ताच कसं फुगलं, हा प्रश्नही मला शिवला नाही. १९८ आणि २०० इतके जवळ आले की माणसाला प्रश्न पडायचे थांबतात.

“आई, तुझा दिवा इस्त्रीपेक्षा जास्त वीज खातो.”

आई शेंगा फोडत होती. “असं?” ती म्हणाली. “मग उद्यापासनं तुझे शर्ट त्याच्यावरच फिरवून देते.”

मी सूत्र सांगायला लागलो, तर ती उठून तिन्हीसांजेची तयारी करायला गेली. जर्मनीतल्या शाळामास्तर ओहमनं १८२७ साली आपला सिद्धान्त छापला, तेव्हा त्याचीही फारशी कदर झाली नव्हती; लंडनच्या रॉयल सोसायटीचं पदक मिळायला १८४१ साल उजाडलं. मी तेवढं थांबायला तयार होतो. पण मुलगी आतून ओरडली, “बाबा, बल्ब थंड असताना मोजलात ना?”

दिवा लागला की आतली टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तिचा रोध दहापटीहून जास्त वाढतो. गिझर-इस्त्रीतली नायक्रोमची तार तापली तरी रोध फारसा बदलत नाही, म्हणून तिथं मी पास झालो. “तुमचं उत्तर चूक नाही,” मुलगी समजूत घालत म्हणाली. “बटण दाबल्यावर पापणी लवायच्या आत तो खरंच तेवढी वीज ओढतो.” भौतिक अवस्थेत तापमानही येतं; तो अर्धा मार्क असा व्याजासकट वसूल झाला. ओहमनं म्हणे आपल्या प्रयोगात दोन धातूंच्या जोडातून वीज घेतली होती आणि तिचा दाब (व्होल्टेज) हलू नये म्हणून त्या जोडाचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला होता. इथं आमच्या ओटीवर माझीच भौतिक अवस्था कायम राहत नव्हती.

दुसऱ्या दिवशी वायरमनमामा चिमट्यासारखा मीटर घेऊन आले. “साहेब, चालू असताना करंट बघायचा. गार बल्बचं काय मोजताय?” मी चिमटा त्यांच्या हातातून घेतला, दिव्याची पिळाची वायर त्यात धरली आणि बटण दाबलं. दिवा लख्ख. मीटरवर शून्य.

“बघ,” आई म्हणाली. “काहीसुद्धा खात नाही माझा दिवा.”

काल १,३२२, आज शून्य. मामांनी न हसता पीळ सोडवला. जाणारा आणि येणारा करंट एकदम धरला तर एकमेकांना खोडून काढतात, एकच तार धरायची. ०.४३ अँपिअर. गुणिले २३०, म्हणजे ९९ वॅट. रोध ५३५ ओहम. महिन्याची जेमतेम पंधरा युनिटं.

“मग बाकीची युनिटं कुठं गेली?” आईनं विचारलं.

मामांनी मेन बोर्ड उघडला, एक जाड वायर चिमट्यात धरली. ६.८ अँपिअर. मुलीनं तोंडी गुणाकार केला. “दीड हजार वॅटच्या वर. ही कसली वायर, मामा?”

मामांनी नुसतं वर बघितलं. वर माझ्या खोलीतला, एप्रिलमध्ये बसवलेला एसी घुरघुरत होता. दुपारची वेळ, खोलीत कुणीच नव्हतं.

आता तिघंही माझ्याकडे बघत होती.

“असं नुसतं गुणून चालत नाही,” मी म्हणालो. “एसीच्या बाबतीत पॉवर फॅक्टर बघावा लागतो.”