पाइप आधी टाका, वायर नंतर ओढा

जुळे सोलापुरात दाजींच्या घराचा स्लॅब पडून महिना झाला. खिडक्या बसलेल्या नाहीत, जिना उघडा, गिलावा व्हायचाय. परवा रात्री त्यांनी मला एक फिरता मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मग उद्या वायर आणू का?" मेसेजचं म्हणणं: वायरिंग गिलाव्याआधीच उरका, पैसे वाचतात, वायरवर प्लास्टिक असतं, पाण्याने काही होत नाही, सोलापुरात पाऊस असतो किती, आणि ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला की धोका नाही. या आठवड्यात हा मला तिसऱ्यांदा आलाय. बावीस वर्षं वायरिंग करतोय, गप्प बसवेना.

पाऊस कमी, बरं. पण जो पडतो तो सप्टेंबरात, ऐन बांधकाम उघडं असताना, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये जिल्ह्यात पूर आला होता. तेही सोडा. गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी आपणच मारतो ना? ते सिमेंट घेऊन स्विचच्या बॉक्समध्ये उतरतं.

पीव्हीसी पाणी अडवतं, हे मान्य. पण वायरचं कापलेलं टोक उघडं असतं. तिथून पाणी तांब्याच्या बारीक तारांमधून आत चढतं, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं. तांबं काळं-हिरवं पडतं, पुढे तोच जोड तापतो. स्लॅबमधल्या पाइपाच्या खोलगट वळणात साचलेलं पाणी तर महिनोन् महिने सुकत नाही. ओढताना वायर तिथे खरचटली असेल, तर करंट त्या पाण्यात उतरतो.

ईएलसीबीचं वाक्य वाचून मात्र डोकं फिरलं. घरातला ईएलसीबी ३० मिलीअँपिअर गळतीला पडतो, पडायलाच हवा. ओल्या वायरिंगवर तो रोज पडणार. चार दिवसांत घरातलेच वैतागून म्हणतात, "तो काढा ओ आधी," आणि कुणीतरी बायपास करून देतो. शेळगीत एका घरी मी हे पाहिलंय. बाथरूमच्या भिंतीला हात लावला की मुंग्या येत होत्या, ईएलसीबी बायपास केलेला, आणि घरात दोन लहान पोरं.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम स्पष्ट आहेत: ५०० व्होल्ट एक मिनिट देऊन इन्सुलेशनचा, म्हणजे वायरवरच्या आवरणाचा, रोध किमान १ मेगओहम भरला पाहिजे. हे मोजायचं यंत्र म्हणजे मेगर. मेसेजमध्ये त्याचं नावही नाही.

पैसे वाचतात, ते फक्त पाइप आणि बॉक्स आधी बसवल्याने. नंतर भिंत फोडावी लागत नाही, तेवढं खरं.

तर दाजी, उद्या वायर आणू नका. पाइपांची तोंडं बंद करा. खिडक्या बसू द्या, गिलावा वाळू द्या. मग पाइपातून कोरडं फडकं ओढून बघा. ते कोरडं निघालं की फोन करा, मेगर घेऊन मी येतो.