जूनमधला नेपाळ विकताना पाऊस कुठे लपवता?

‘मॅडम, निसर्गापुढे कुणाचं चालतं का?’ आईला घेऊन जूनमध्ये केलेल्या नेपाळ टूरबद्दल टूर कंपनीचं हे वाक्य मी आता अजिबात ऐकून घेणार नाही. निसर्गाने काहीही लपवलेलं नव्हतं, लपवलं ते पॅकेज विकणाऱ्यांनी. नेपाळमध्ये मान्सून साधारण १३ जूनच्या सुमारास पूर्वेकडून शिरतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला परततो. तिथल्या वर्षभराच्या पावसापैकी जवळजवळ ८० टक्के पाऊस याच काळात पडतो. पोखऱ्याजवळचं लुमले तर देशातल्या सर्वांत ओल्या ठिकाणांपैकी, वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर. हे गुपित आहे का? वर्षानुवर्षं तिथे गाड्या भरून माणसं नेणाऱ्यांना हे माहीत नसतं, यावर मी विश्वास ठेवू?

पण जाहिरातीत फोटो कुठला? ऑक्टोबरचा! निळंशार आकाश, पोखऱ्याच्या फेवा तलावात माछापुच्छ्रे शिखराचं प्रतिबिंब आणि खाली ठळक अक्षरांत ‘जून स्पेशल’. शाळा उघडायच्या आत घाईघाईने निघणारी कुटुंबं आणि निवृत्तीच्या पैशातून एकदाच मोठा प्रवास करणारे आईबाप, यांनाच हेरून हे विकलं जातं. बुकिंगच्या वेळी मी स्वतः विचारलं होतं की पाऊस असेल ना? उत्तर मिळालं, ‘हलक्या सरी, उलट छान गारवा असतो.’

हलक्या सरी! १५ जून २०२१ ला काठमांडूच्या ईशान्येला मेलम्चीला पुराने घरं, पूल वाहून नेले, तो पावसाळ्याचा आरंभच होता. जुलै २०२४ मध्ये सिमलतालला दरड आली आणि प्रवाशांनी भरलेल्या दोन बस त्रिशूली नदीत गेल्या. तो नारायणघाट-मुग्लिनचा रस्ता, म्हणजे चितवन बघून पोखऱ्याला निघालेली प्रत्येक टूर ज्यावरून जाते तोच. डोंगर आधीच ठिसूळ, त्यात रुंदीकरणासाठी कापलेले. पहिल्या जोरदार पावसात ते खाली येतात. आणि इटिनररीत काय छापलेलं? काठमांडू-पोखरा, २०० किलोमीटर, ‘निसर्गरम्य प्रवास, सहा तास’. आम्ही सकाळी निघालो ते रात्री पोहोचलो. दरड हटेपर्यंत रांगेत उभे. एका बाजूला गढूळ त्रिशूली, दुसऱ्या बाजूला वरून सुटणारे दगड. बसमध्ये साठी-सत्तरीच्या बायका, आणि जवळपास शौचालय नाही. आईने दुपारपासून पाणी प्यायचंच सोडलं. टूर लीडर म्हणे, ‘थोडं अॅडजस्ट करा.’ त्या बायकांनी अजून किती अॅडजस्ट करायचं होतं, हे त्याने सांगायला हवं होतं.

सूर्योदयाची हिमशिखरं बघायला पोखऱ्याजवळच्या सारंगकोट टेकडीवर पहाटे चारला उठवून नेलं. समोर पांढऱ्या ढगांची भिंत. तिथल्या आमच्या गाडीच्या ड्रायव्हरने आदल्या रात्रीच सरळ सांगितलं होतं, असार-साउनमध्ये (आषाढ-श्रावणात) हिमाल, म्हणजे बर्फाची शिखरं, दिसत नाही, कात्तिकमध्ये (कार्तिकात) या. जे तो माणूस एका वाक्यात प्रामाणिकपणे सांगतो, ते आमच्याकडून पैसे घेणाऱ्यांना सांगता येत नाही?

आणि मुक्तिनाथ. आईने ही टूर फक्त त्याच्यासाठी निवडली होती. मुक्तिनाथ स्वतः पर्जन्यछायेत आहे. अन्नपूर्णा आणि धौलागिरीच्या पलीकडे पाऊस फारसा पोहोचतच नाही. म्हणजे देवाच्या दारात कोरडं असेल, पण तिथवर जायचं कसं? मुक्तिनाथजवळच्या जोमसोम विमानतळाची छोटी विमानं दुपारचा वारा सुटायच्या आत, सकाळीच उडतात. पोखऱ्यावर ढग उतरले की संपलं. जीपने जावं तर बेनी, तातोपानी, घासा असा कालीगंडकीच्या काठचा रस्ता, तिथे दरडी. हे सगळं ठाऊक असताना त्या यात्रेला एकच सकाळ ठेवली होती, एकही राखीव दिवस नाही. विमान उडालं नाही आणि त्या दिवसाच्या जागी आम्हाला काय मिळालं? ‘शॉपिंगसाठी मोकळा वेळ’. माझी आई त्या बाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून रडली.

नेपाळवर माझा राग नाही. तिथला शेतकरी याच पावसाची वाट बघतो. असार महिन्याच्या १५ तारखेला दही-चिउरा (दही-पोहे) खाऊन चिखलात रोपं लावतो. जूनमध्ये पाटण, भक्तपूर, बौद्धनाथ स्तूप, पशुपतिनाथ दाखवा ना! छत्री घेऊन आनंदाने फिरू. पण तसं सांगून विका, आणि तशीच किंमत लावा. हिमशिखरांचे पैसे घेऊन ढग दाखवायचे आणि वर अटी व शर्तींतल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवायचं, याला माझ्या भाषेत फसवणूकच म्हणतात.

हवामानामुळे उड्डाण रद्द झालं की विमान कंपन्या सहसा पैसे परत देतात. मग आमचे पैसे कुठे आहेत? ऑफिसात फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. मला सवलतीचं कूपन नको, पुढच्या टूरवर सूट नको. आईच्या तिकिटाचे पैसे आणि पावती द्या, ती मिळेपर्यंत मी रोज फोन करणार आहे.