‘नसलेलं डोक्यात भरवू नका’ म्हणणाऱ्या वाचकांस

मुलांच्या आत्महत्या रोखण्यासाठी शाळांनी पाळायच्या अटींवर मी लिहिलं, ते आपल्याला ‘एसीत बसून झाडलेलं प्रवचन’ वाटलं. वाटू द्या. पण माझ्या खोलीत एसी आहे हे आपल्याला कुणी सांगितलं? आणि प्रत्येक वाक्यात ‘मॅडम’ घातलं म्हणून कुचकेपणा लपत नाही. लेख लांबला, हे मात्र कबूल.

आता आपलं ते वाक्य: ‘विषय काढला की मुलांच्या डोक्यात नसलेलं भरतं.’ शिक्षकांच्या खोलीत हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. अहो, हे तपासून झालंय. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत २,३४२ विद्यार्थी घेऊन केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं, बाकीच्यांना नाही. विचारलेल्यांची अस्वस्थता वाढली नाही. उलट नैराश्य असलेली किंवा आधी प्रयत्न केलेली मुलं विचारल्यावर कमी अस्वस्थ दिसली. पुढे युरोपातल्या १० देशांत, १६८ शाळांत मोठी चाचणी झाली. ज्या गटात मुलांनीच या विषयावर बोलायचं, प्रसंग वठवून बघायचे, तिथे वर्षभरानंतर आत्महत्येचे प्रयत्न कमी आढळले. नुसतं शिक्षकांना लक्षणं ओळखायला शिकवलेल्या गटात तसा ठोस फरक दिसला नाही. हे आपल्या बाजूचं आहे आणि तेही मीच सांगतेय, कारण आपण शोधलं नसतंत.

शिवाय मी वर्गशिक्षिका होते. आठवीतली एक मुलगी वह्या ठेवायला आली आणि ‘बाई, नको झालंय सगळं’ म्हणाली. मी सरळ विचारलं, ‘मरावंसं वाटतं का?’ ती खुर्ची ओढून बसली आणि तास संपेपर्यंत बोलत राहिली. नंतर मुख्याध्यापकांनी मला बोलावून ‘विचारलंत कशाला?’ एवढंच विचारलं. तिला कुणाकडे न्यायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही. तेव्हा प्रवचन कोण झाडतंय, ते बघा जरा.

खर्च, माणसं कुठून आणायची, छोट्या शाळांनी काय करायचं, या आपल्या प्रश्नांवर वेगळं काय लिहू? सर्वोच्च न्यायालयाचे जुलै २०२५ चे निर्देश वाचा. पट शंभर किंवा जास्त असेल तर किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता, कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक वर्गांत, वसतिगृहात ठळक लावायचा. कागद आणि चार टाचण्या, एवढंही परवडत नाही?

‘आम्ही छड्या खाल्ल्या, आम्हाला काय झालं’ याला मी उत्तर देणार नाही.

आपण संस्थाचालक आहात आणि आपल्या शाळेचा पट सातशेच्या वर आहे, हे आपणच अभिमानानं लिहिलंय. तिथे समुपदेशक नेमलाय का, तेवढं कळवा. बाकी वाद नंतर घालू.