गरुड आपली चोच फोडून घेत नाही

आमच्या पालकांच्या गटावर तो मजकूर गेल्या आठवड्यात पुन्हा फिरला. गरुड सत्तर वर्षं जगतो, चाळिशीत त्याची चोच वाकते, नखं निकामी होतात, पिसं जड होऊन छातीला चिकटतात. मग तो कड्यावर जाऊन चोच आपटून फोडतो, नव्या चोचीने नखं उपटतो, नव्या नखांनी पिसं, आणि १५० दिवसांनी तरुण होऊन झेपावतो. दुसऱ्याच दिवशी सहावीतल्या एका मुलीने तसाच गरुड काढून आणला: रक्ताळलेली चोच, पायाशी पिसांचा ढीग. चित्र फार सुरेख होतं, म्हणून जास्त वाईट वाटलं.

आधी वय. अमेरिकेतल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांवर अनेक वर्षं पायात कडी घालून नजर ठेवली जाते. त्यांतल्या रानातल्या सर्वांत दीर्घायुषी गरुडाची नोंद ३८ वर्षांची आहे. १९७७ मध्ये त्याला कडं घातलं होतं, २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात तो गाडीखाली सापडला. म्हणजे जो विक्रमी, तोही चाळिशीला पोचला नाही.

चोचीसाठी मी चिकनवाल्याकडून कोंबडीचं डोकं आणलं, उकळलं आणि वर्गात चोच ओढून दाखवली. वरचं कवच टोपणासारखं निघालं, आत हाड. कवच आपल्या नखासारखं आयुष्यभर वाढतं आणि खाता-घासताना झिजत राहतं, त्यामुळे रानात ते सहसा बेताचंच राहतं. पाळलेल्या शिकारी पक्ष्यांची चोच वाढली तर माणसं ती कानशीने घासतात. पण आतलं हाड मोडलं तर ते पुन्हा उगवत नाही. २००५ मध्ये अलास्कात एका गरुड मादीच्या तोंडावर गोळी लागून वरची चोच गेली. तिला धड खाता येईना, पाणी पिता येईना. माणसांनी भरवलं म्हणून ती जगली. तीन वर्षांनीही कामाची चोच आलेली नव्हती, शेवटी २००८ मध्ये तिला कृत्रिम चोच बसवली.

नखांचंही तसंच, आत हाड असतं. आणि गरुड शिकार धरतो ती पायांनी.

पिसांसाठी मात्र चित्रकलेच्या बाईंनी आणि मी मिळून दोन तास घेतले. मुलांनी पंख काढला, टोकाची दहा मोठी पिसं मोजून. मग एक पीस खोडलं, दुसऱ्या पंखातलं तेच खोडलं, आणि तिथे अर्धवट वाढलेलं नवं काढलं. गरुड असाच पिसं टाकतो, थोडी थोडी, साधारण दोन्ही बाजूंनी सारखी, म्हणजे उडणं थांबत नाही. मोठ्या गरुडांचे पंख पूर्ण बदलायला वर्षापेक्षा जास्त काळ लागतो. जुनं पीस जड होत नाही, ते झिजून विरतं. ‘बाई, मग आकाशात उडणाऱ्या गरुडाच्या पंखातली फट म्हणजे नवं पीस येतंय?’ असं एका मुलाने विचारलं. त्या प्रश्नासाठी मी दहा तास दिले असते.

राहिले १५० दिवस. चोच नाही, नखं नाहीत, उडायला पिसं नाहीत. हा पक्षी पाच महिने खाणार काय?

‘अहो, ती प्रेरणेची गोष्ट आहे,’ असं गटावर एका काकांनी लिहिलं. काका, बारा वर्षांच्या मुलीला आपण काय सांगतोय? स्वतःला रक्तबंबाळ करून घेतलं की नवं आयुष्य मिळतं? मला ही प्रेरणा नको. आणि आपल्या घाटात तुरेवाला सर्पगरुड आहे, किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड आहे. उद्या यांतला एखादा चोच फुटून कड्याखाली बसलेला दिसला, तर मुलं त्याची तपश्चर्या चालू आहे समजून निघून जातील. तो जखमी असेल. त्याला हात न लावता वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करायचा असतो.

त्या मुलीने काल नवा गरुड काढला. डाव्या पंखात चौथं पीस अर्धंच आहे, उजव्याही.